वाचकांचे प्रश्न: नदीचं सोडा, चढाचं बोला

प्रश्न: नमस्कार. माझं वय ५३, राहायला साताऱ्यात. मुलगी अमेरिकेत फिनिक्सला असते, ती म्हणते आई या वेळी ग्रँड कॅन्यनची ती प्रचंड दरी नुसती वरून बघून यायचं नाही, कोलोरॅडो नदीतून राफ्टिंग करायचं, गाईड असतात, पाच-सहा दिवस होडीत आणि शेवटच्या दिवशी चालत वर. मी यूट्यूबवर व्हिडिओ बघितले आणि झोपच उडाली, एवढाल्या लाटा! मला पोहायला जेमतेम येतं, पाण्याची धास्ती लहानपणापासून. हे म्हणतात या वयात नसते उद्योग कशाला. मी दर रविवारी अजिंक्यतारा चढते, बीपीची एक गोळी चालू आहे. जाऊ का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, जा. अगदी नक्की जा. मी हीच ट्रिप केलीय, लीज फेरीला होडीत बसायचं, नदीने साधारण १४० किलोमीटर जाऊन दरीच्या तळाशी फँटम रँचला उतरायचं आणि तिथनं ब्राइट एंजल ट्रेल या पायवाटेने चढून वर साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर यायचं. पण तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती वेगळीच, तुमची सगळी भीती पाण्याची आहे आणि चढाबद्दल विचारलेलंच नाही.

नदीचं आधी सांगतो. तिथं होडी तुम्ही चालवत नाही, वल्ही गाईडच्या हातात असतात आणि ही माणसं हंगामभर त्याच नदीवर असतात, कुठल्या दगडाला कुठून वळसा घालायचा हे त्यांना पाठ असतं. तुमचं काम एकच, दोन्ही हातांनी पट्टा धरून बसायचं आणि सांगितलं की पुढे झुकायचं. लाइफ जॅकेट पाण्यात सक्तीचं आहे. पडलातच तर पाठीवर व्हायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला, उभं राहायला जायचं नाही कारण पाय दगडात अडकतो. पोहता न येणारेही येतात, फक्त कंपनीला आधी सांगा, लपवू नका. तुमच्या टप्प्यात हॅन्ससारखे दणकेबाज रॅपिड, म्हणजे खडकांवरून पाणी उसळतं त्या जागा, आहेत, पण ज्या लावा फॉल्सचे व्हिडिओ सगळे टाकतात तो फँटम रँचच्या बराच खाली आहे, तो तुमच्या वाट्याला येतच नाही.

पाणी मात्र गार. वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३ पासून नदी त्यातनंच सुटते, आणि पाणी जलाशयाच्या खोलातनं येतं म्हणून बाहेर चाळीस डिग्री असताना अंगावर लाट आली की श्वास अडकतो. कोलाडला कसं वीजघरातनं पाणी सुटलं की मग राफ्टिंग, तसंच इथंही विजेच्या मागणीप्रमाणे पाणी चढतं-उतरतं, रात्री काठाला बांधलेली होडी सकाळी वाळूवर दिसते.

आता चढ. फँटम रँचपासून वरपर्यंत साधारण १६ किलोमीटर आणि चढ १३०० मीटरच्या वर, म्हणजे चार अजिंक्यतारे एकावर एक ठेवा. आपण गडकोट फिरणारी माणसं इथंच फसतो बघा. गडावर आधी चढ, दमलो तर तिथनंच मागे फिरायचं आणि उतार सोपा. इथं उलटं, आधी खाली, आणि पाच-सहा दिवसांच्या उन्हावाऱ्यानंतर सगळा चढ एका दिवसात, मागे फिरायला जागाच नाही. आणि बुकिंग करताना एक प्रश्न विचाराच, चढताना गाईड बरोबर येतो का? आमच्या वेळी मी विचारलं नव्हतं. होडीवाले गाईड होडी घेऊन पुढे गेले, तिथं नवे प्रवासी बसणार होते, आणि आम्ही आमचे आम्ही.

मी त्या दिवशी नुसतं पाणी पीत सुटलो, भूक नव्हती म्हणून खाल्लं काहीच नाही. हवासुपाई गार्डन्सचा सावलीचा थांबा मागे टाकला आणि बोटं सुजली, अंगठी फिरेना, मळमळायला लागलं, मला वाटलं ऊन लागलं म्हणून आणखी पाणी प्यायलो. आमच्यातल्याच एका आजींनी बाटली काढून घेतली, सावलीत बसवलं आणि मूठभर खारे शेंगदाणे दिले, एकेक खा म्हणाल्या. घामातनं मीठ जातं आणि वर नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम उतरतं, हे प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून लिंबाचं लोणचं, खारे दाणे, ओआरएसच्या पुड्या न्याच. आणि ती बीपीची गोळी डॉक्टरांना दाखवून विचारा, काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात, त्या उन्हात हे महत्त्वाचं आहे.

सराव म्हणाल तर पाठीवर सात-आठ किलो घेऊन एका सकाळी अजिंक्यतारा दोनदा, मग तीनदा. दहा ते चार या वेळात तिथं चढायचं नसतं, म्हणून पहाटे चारला निघायचं, ही सवय इथंच लावा. जून नको, फार तापतं, जुलै-ऑगस्टमध्ये तिकडचा पावसाळा आणि घळीतनं अचानक लोंढे येतात. सप्टेंबरअखेर बघा.

संडासचं तुम्ही विचारलं नाही पण मनात असणार. काठावर आडोशाला डबा ठेवतात, तो भरून होडीतनं बाहेर नेतात, वाळवंटात काही पुरायचं नाही, आणि लघवी नदीतच करायची असा नियम आहे. पहिल्या दिवशी अवघड वाटतं, दुसऱ्या दिवशी कुणालाच काही वाटत नाही.

आणि एक सांगायचंच आहे. फँटम रँचच्या थोडं आधी कॅन्यन अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी काळा खडक उभा राहतो, पाण्याने घासून असा की देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत. मी होडीतनं हात लावला, चटका बसला, तरी काढवेना. त्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट. डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात तिथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली, त्यातलं हे. वय साधारण १७५ कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर.

प्रश्न: मी सांगलीचा, वय २६, कृष्णेत पोहतच मोठा झालो, होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलंय. गाईडशिवाय मित्रांनी मिळून हीच नदी करता येईल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: येते, पण परमिट लॉटरीने मिळतं आणि अशा नदीवर होडी चालवलेला एक तरी माणूस गटात लागतो. आयर्विन पुलाखालची कृष्णा पुरात कितीही फुगली तरी ती पसरते, तिला काठ सोडायला रान असतं. कोलोरॅडोला दोन्हीकडे भिंत आहे आणि पाणी गार, हातपाय काही मिनिटांत ढिले पडतात, तिथं पट्टीचा पोहणाराही फार वेळ टिकत नाही. आधी ऋषिकेशला गंगेवर रीतसर वल्हं शिक, मग एकदा गाईडबरोबर ही नदी कर, आणि मगच लॉटरीत नाव घाल.