सरकारी आकड्यात दारूने मरणारे फक्त अडीच टक्के, मग पोलिसांची एवढी नाकाबंदी कशाला?

आकडा तुमचा बरोबर आहे. २०२२ च्या केंद्राच्या अहवालात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली दारूच्या रकान्यात अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि सत्तर टक्क्यांच्या वर अतिवेगात. पण तो रकाना भरतो कसा ते माझ्या मावसभावावरून सांगतो.

वाशीला मित्राकडे बसले होते, रात्री एकला पठ्ठ्या बाईक काढून नेरुळला निघाला, पाम बीच रोड त्या वेळी मोकळा आणि मोकळा पाम बीच म्हणजे बघायलाच नको, मोराज सर्कलच्या पुढे डिव्हायडरला घासत गेला. हेल्मेट होतं, कोपरात अडकवलेलं. आम्ही कॅज्युअल्टीत पोचलो तर पडद्याच्या बाहेरूनच व्हिस्कीचा वास. पायाचं आधी बघायचं होतं, त्यामुळे रक्त घेतलं ते सकाळी सहानंतर.

आता हिशोब करा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं, म्हणजे एक वाजता ९० असलेला माणूस सहा वाजता १५ वर, एकदम सोवळा! कागदावर आलं 'भरधाव वेगाने व निष्काळजीपणे' आणि केस अतिवेगात जमा. खोटं नाहीये ते, वेग होताच, पण प्यायल्यावर वेगाचा अंदाजच राहत नाही त्याचं काय, तक्त्यात एका अपघाताला कारण एकच.

अमेरिकेत जवळपास सगळीकडे मर्यादा ८० आहे, आपल्यापेक्षा सैल, आणि ८० ला अपघाताची शक्यता साधारण चौपट धरतात. तिथे २०२२ मध्ये ३२ टक्के मृत्यू प्यायलेल्या चालकांच्या अपघातांतले, कारण मेलेल्या चालकांचं रक्त तिथे बऱ्यापैकी तपासलं जातं. आपल्याकडे पण ३२ च असतील असं मी म्हणत नाही हां, आपल्याकडे निम्म्याहून जास्त तर पायी चालणारे नाहीतर बाईकवाले मरतात, आणि घरी जायला रिक्षा तरी मिळते. पण अडीच हे मला पटत नाही.

नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावतात तेव्हा दारू त्या मिनिटाची मोजली जाते, पाच तासांनंतरची नाही. पहिल्यांदा सापडलं की १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. माझी तक्रार उलटी आहे, ३१ डिसेंबर आणि गटारीला घोडबंदरला सगळे उभे, आणि साध्या शनिवारी कोण असतं?

आणि खरं सांगू का, रक्त लवकर घ्या असं त्या रात्री आमच्यातलं कोणीच म्हणालं नाही, विम्याचा क्लेम अडकला असता. भाऊ आता काठीशिवाय चालतो. रस्त्यावर वाळू होती म्हणतो, कोणी विचारलं तर आम्ही पण तेच सांगतो.