वाचक विचारतात : सेवेचा एक दिवस संपल्यावर

टेलिफोन एक्स्चेंजच्या देखभाल विभागात मी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या खात्यातल्या निवृत्तांचा आणि कामावर असलेल्यांचा जो स्वयंसेवक गट आहे, त्याच्या पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं आणि ते अजून माझ्याकडेच आहे. म्हणून या विषयावरची पत्रं संपादक माझ्याकडे देतात. या वेळी चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त लागली, कारण बाकीच्यांची मुळंही त्याच प्रश्नात आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या कंपनीत कर्मचारी आणि निवृत्त मिळून एक स्वयंसेवक गट आहे. यादीत नावं भरपूर आहेत. दर ५ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनी, सगळे एकसारखे टी-शर्ट घालून येतात, झाडं लावतात, फोटो निघतात. मग वर्षभर काहीच नाही. कामावरचे म्हणतात, वेळ मिळत नाही. निवृत्त म्हणतात, आम्हाला कोणी बोलावत नाही. समन्वयक म्हणून मी कुठून सुरुवात करू?
– मनुष्यबळ विभागातली एक वाचक

उत्तर : ५ डिसेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९८५ साली ठरवला. तो जरूर पाळा. पण त्या दिवशी लावलेल्या झाडांना पुढे पाणी घालायची पाळी कोणाची, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही. त्या एका पाळीपासून सुरुवात करता येईल.

अमेरिकेतल्या टेलिफोनवाल्यांची हकीगत सांगते. १९११ साली बॉस्टनमध्ये ‘टेलिफोन पायोनिअर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना उभी राहिली. जुन्या कर्मचाऱ्यांनी भेटावं, ओळखी टिकवाव्यात, एवढाच तिचा हेतू होता. खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिचे सभासद होते. समाजसेवा हा संघटनेचा उद्देश म्हणून स्वीकारला गेला तो १९५८ साली. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं ते मुख्यतः स्नेहमंडळ होतं. तुमचा गट अजून स्नेहमंडळच आहे असं वाटत असेल, तर त्यानं खचून जाऊ नका.

त्यांना वर्षानुवर्षं पुरलेलं काम १९६०च्या सुमारास मिळालं. लायब्ररी ऑफ काँग्रेस दृष्टिहीन वाचकांना बोलती पुस्तकं पाठवत असे. १९३४च्या सुमाराला ही पुस्तकं तबकड्यांवर निघू लागली. मिनिटाला ३३⅓ फेरे, पुढे १६⅔ आणि नंतर ८⅓, म्हणजे एकाच तबकडीत अधिकाधिक मजकूर मावू लागला. ती वाजवायची यंत्रं वाचकांना वापरायला दिली जात, आणि रोज वापरलेलं यंत्र बिघडतंच. यंत्र बिघडलं की त्या माणसाचं वाचन थांबलं. टेलिफोन दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या लोकांनी ही यंत्रं दुरुस्त करायला घेतली आणि कित्येक दशकं तेच काम केलं. जनरल इलेक्ट्रिकच्या कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची ‘एल्फन’ नावाची संघटनाही त्यात होती.

मी स्वतः दुरुस्तीच्या टेबलावर बसलेली आहे, त्यामुळे हे काम का टिकलं असेल ते मला दिसतं. ते काम कोणाला शोधून काढावं लागत नव्हतं, बिघडलेली यंत्रं आपोआप येत राहत होती. हातात असलेलं कसबच त्याला लागत होतं, नवं काही शिकवायची गरज नव्हती. त्याला गर्दी नको होती. सकाळी येणारा निवृत्त माणूस आणि संध्याकाळी ड्यूटी संपवून येणारा तरुण यांची गाठ पडली नाही, तरी एकाच खोक्यातलं यंत्र दोघांच्या हातून पुरं होऊ शकतं. आणि पलीकडे अर्धवट राहिलेलं पुस्तक पुरं ऐकायला कोणीतरी थांबलेलं आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. दांडी मारावीशी वाटली की हेच आठवतं.

आता तुमची यादी उघडा. नावापुढे बहुधा फोन नंबर आणि टी-शर्टचं माप असेल. त्याच्या शेजारी एक रकाना घाला आणि प्रत्येकाला फोन करून विचारा, तुमच्या हाताला काय येतं? वायरिंग, हिशेब, शिवण, गाडी चालवणं, अर्ज भरणं, मोठ्यानं नीट वाचणं, काहीही चालेल. हे फोन स्वतः करा. संदेश पाठवलात तर त्याच त्या उत्साही चार जणांची उत्तरं येतील. आमच्या गटात एक गृहस्थ भांडारात नोकरीला होते. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं की कुठलाही पसारा चार दिवसांत नोंदवून, चिठ्ठ्या लावून ते मांडून देतात. एका ग्रंथालयाला नेमका असाच माणूस हवा होता.

दुसरं, एकच संस्था निवडा. शाळा, दवाखाना, वाचनालय, वृद्धाश्रम, कोणतीही. तिथे जाऊन ‘आम्ही हा कार्यक्रम करू का?’ असं विचारू नका. ‘दर आठवड्याला तुमचं काय अडतं?’ असं विचारा. कार्यक्रमाला कोणी नाही म्हणत नाही, ते भिडेपोटी हो म्हणतात आणि तुमच्यासाठी आपला एक दिवस खर्च करतात.

निवृत्तांना बोलावलं जात नाही, ही तक्रार मात्र मी फार गंभीरपणे घेते. शाळा, दवाखाने, वाचनालयं यांना माणूस हवा असतो तो कामाच्या दिवशी, सकाळी. कामावरचे मोकळे असतात सुटीच्या दिवशी, आणि तेव्हा या जागा बंद असतात. म्हणून कामावरच्यांच्या सोयीनं आखलेला गट शेवटी झाडं आणि साफसफाईवर येऊन थांबतो. तुमच्याकडे कामाच्या दिवसाच्या मोकळ्या सकाळी आहेत, आणि त्या निवृत्तांकडे आहेत. तेव्हा आठवड्याची ठरलेली पाळी निवृत्तांच्या नावावर लावा. कामावरच्यांकडून दुसऱ्या गोष्टी घ्या : कंपनीतली एक रिकामी खोली, टेबल, जुनी पण चालणारी हत्यारं, सामान न्यायला गाडी, नव्या यंत्रांची माहिती. शिवाय निवृत्त माणूस आजारी पडला की त्याच्या जागी कोण जाईल, ते नाव. कंपनी महिन्यातून काही तास पगारी सुटी देत असेल, तर ती या बदलीच्या पाळीसाठी वापरा. मला विचाराल तर गटाची खरी परीक्षा या बदलीच्या नावातच होते.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यांत जवळची आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या माउंटन बेल या टेलिफोन कंपनीचे अभियंता चार्ली फेअरबँक्स यांनी सॉफ्टबॉलच्या आत आवाज करणारं छोटं यंत्र बसवलं, म्हणजे दृष्टिहीन मुलांना चेंडू ऐकून मारता येईल. पायोनिअर्सनी असे चेंडू ठिकठिकाणी पोचवले. पण सुरुवातीचे नियम मुलांना जपण्याच्या काळजीतून केलेले होते. धावपळ नाही, झेप नाही. मुलांना त्याचा कंटाळा आला आणि चेंडू कपाटात पडून राहू लागले. पुढे दृष्टिहीनांच्या बाजूनंच मागणी आली, की चेंडू जास्त टणक द्या आणि आम्हाला धावू द्या. १९७०च्या दशकात नियम बदलले आणि १९७६ साली या खेळाची, म्हणजे ‘बीप बेसबॉल’ची, राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज फलंदाज चेंडू मारला की आवाज करणाऱ्या खांबाकडे जीव खाऊन धावतो, आणि क्षेत्ररक्षक चेंडूच्या आवाजावर जमिनीवर झेप घेतात. चेंडू टाकणारा डोळस असतो आणि तो फलंदाजाच्याच संघातला असतो. टेलिफोनवाल्यांचं कसब पहिल्या दिवसापासून उत्तम होतं. खेळ उभा राहिला तो खेळणाऱ्यांचं ऐकल्यावर. म्हणून तीन महिने काम झालं की त्या संस्थेत परत जा आणि आमच्यामुळे तुमची अडचण कुठे होते, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत बसून राहा.

प्रश्न : आमच्या गटात आमचे जुने विभागप्रमुख आहेत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून ते हुकूमच सोडतात. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो, आता गटाचा समन्वयक आहे. त्यांना सांगू कसं? माणूस मनानं चांगला आहे.
– एक तंत्रज्ञ

उत्तर : चारचौघांत सांगू नका, आणि त्यांना मानाचं पद देऊन बाजूलाही बसवू नका. त्यांनी वर्षानुवर्षं कामाची जबाबदारी घेतली आहे. ती सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे आणि गटाला तिची गरज आहे. त्यांना एक काम असं द्या, ज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच असतील आणि हाताखाली कोणी नसेल. संस्थेकडून परवानगी आणणं, कंपनीकडून खोली मिळवणं, अडलेलं पत्र पुढे सरकवणं. ज्यांचा शब्द एकेकाळी चालत होता, त्यांना वरच्या माणसांशी बोलायला संकोच वाटत नाही, आणि तुम्हाआम्हाला तो वाटतो.

पाळीच्या वेळी मात्र नियम सगळ्यांना सारखा ठेवा : त्या दिवशी ज्याच्या हातात वही, त्याचं ऐकायचं. आमच्याकडे वही पाळीनं फिरते, शिकाऊ मुलीच्या हातातही येते. तुमच्या साहेबांना हे आधी घरी जाऊन सांगा. ‘साहेब’ म्हणणं सोडायची काही गरज नाही.

प्रश्न : आमच्या कार्यालयात स्वयंसेवेचे तास वार्षिक मूल्यमापनात धरणार आहेत. माझ्या घरी आजारी सासूबाई आहेत, सुटीच्या दिवशी मी जाऊ शकत नाही. नाही म्हणू का?
– एक कर्मचारी

उत्तर : म्हणा, आणि लेखी म्हणा. ज्याचे गुण मिळतात किंवा कापले जातात ते कार्यालयीन काम झालं, ते कामाच्या वेळात आणि पगारात बसलं पाहिजे. सासूबाईंची शुश्रूषा करणारी बाई कोणाच्याही सेवेत कमी पडलेली नाही. तुमच्या गटातल्या निवृत्तांनाही हे सांगा. त्यांची नोकरी तुमच्या वरिष्ठांच्या हातात नाही, त्यामुळे ते तुमच्या बाजूनं मोकळेपणी बोलू शकतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर उत्साहात तीन-तीन ठिकाणी नाव दिलं. आता गुडघे साथ देत नाहीत, जिने चढवत नाहीत. गटातून नाव काढून घ्यावं का?
– एक निवृत्त लेखापाल

उत्तर : तीनपैकी दोन ठिकाणची नावं काढा, तिसरं ठेवा. अमेरिकेत ज्येष्ठ स्वयंसेवकांचे जे अभ्यास झाले, त्यांत वर्षाला सुमारे १०० तास, म्हणजे आठवड्याला दोनेक तास देणाऱ्यांची तब्येत आणि मन दोन्ही बरं आढळलं. त्याहून जास्त तास दिल्यानं फायदा त्या मानानं वाढत गेलेला दिसला नाही. मुळात धडधाकट माणसंच अशा कामाला पुढे येतात, हेही त्यात धरायला हवं. तरीही दोन तास हे माप मला शहाणपणाचं वाटतं.

ते दोन तास घरी बसून द्या. एकट्या राहणाऱ्या माणसांना ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करणारी माणसं गटांना हवी असतात. तुम्ही लेखापाल आहात, तर निवृत्तिवेतनाचे आणि विम्याचे कागद फोनवर समजावून सांगणं तुमच्याइतकं कोणाला जमणार? फक्त दोन पथ्यं पाळा. खात्याचा क्रमांक किंवा पासवर्ड कोणी आपणहून सांगू लागलं तरी ऐकून घेऊ नका, लगेच थांबवा. आणि फोनची वेळ चुकवू नका. पलीकडचं माणूस त्या आधीपासून फोनजवळ येऊन बसलेलं असतं. तुम्हाला बरं नसेल त्या दिवशी कोण फोन करेल, त्याचं नाव समन्वयकाला आजच देऊन ठेवा आणि त्या माणसाची ओळख एकदा स्वतः फोनवर करून द्या, म्हणजे अनोळखी आवाज ऐकून पलीकडे कोणी घाबरणार नाही.