हार्ड डिस्क कटकट करून राहिली, आता काय?

प्रश्न: नमस्कार दादा, दारव्हा तालुक्यातल्या गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकलेलं आहे, 500 जीबीची हार्ड डिस्क. चार दिवसांपासून डिस्क कटकट करून राहिली, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात अन् काही सेव्ह करायला गेलं की रीड ओन्ली म्हणते. एक जण म्हणते एफएससीके चालव, दुसरा म्हणते फॉरमॅट मार. त्यात लोकांचे पीक विम्याचे कागद आहेत अन् बाबांचे फोटो, बाबा आता नाहीत. काय करू?
(एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, मशीन चालू असेल तर आधी बंद करा, बाकीचं नंतर वाचा. अशी डिस्क जितका वेळ फिरते तितकी मरत जाते. रीड ओन्ली (फक्त वाचता येते, लिहिता येत नाही) म्हणते ते लिनक्सनंच, म्हणजे तुमच्या उबुंटूनंच केलंय, डिस्कवर गडबड दिसली की आणखी नुकसान नको म्हणून तो लिहिणं थांबवतो. एफएससीके (डिस्कवरची फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी कमांड) अन् फॉरमॅट दोन्ही डिस्कवर लिहितात, म्हणून आत्ता दोन्ही नको. मी स्वतः एकदा घाईत एफएससीके मारलं होतं, अर्ध्या फाइल लॉस्ट अँड फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या नंबरच्या नावानं पडल्या, कोणती कशाची ते शोधण्यात आठवडा गेला.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं) सुरू करा अन् फाइल मॅनेजरमध्ये जुन्या डिस्कवर क्लिक करू नका. स्मार्टसीटीएल या कमांडनं डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट काढा, त्यात 5, 197, 198 नंबरच्या ओळींचा शेवटचा आकडा बघा, तो शून्याच्या वर असेल तर सेक्टर (डिस्कवर डेटा ठेवायचे छोटे कप्पे) खराब झालेत. 199 चाच आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलून बघा, कधी कधी एवढंच असते. पण तुमच्याकडे आवाज येते म्हणजे केबलवर भरवसा ठेवू नका.

आता खरं काम, कॉपी. साधं कॉपी-पेस्ट खराब सेक्टरवर अडकून बसते, म्हणून खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून काढणारी डीडीरेस्क्यू कमांड वापरा (उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू, इथं बरेच जण अडकतात). 2 टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणा, तिचा फॉरमॅट फॅट 32 नको, त्यात 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही, ईएक्सटी 4 करून घ्या. जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडनं साइज पाहून कोणती डिस्क कोणती ते दोनदा तपासा. कमांडमध्ये आधी खराब डिस्क, मग इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये), शेवटी मॅप फाइल. पहिल्या फेरीत डॅश एन लावा, म्हणजे जे सोपं आहे ते आधी निघते, खराब जागा खरवडत बसत नाही. मग डॅश एन काढून, डॅश आर 3 (खराब जागा आणखी तीनदा वाचून बघ) लावून तीच कमांड परत.

मॅप फाइलवर जास्त सांगतो, कारण आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. कुठपर्यंत वाचलं ते त्या फाइलमध्ये लिहिलेलं राहते, लाइन गेली तरी परत तीच कमांड दिली की तिथूनच पुढं सुरू. पण लाइव्ह उबुंटूचा डेस्कटॉप रॅममध्ये असतो, मॅप फाइल तिथं ठेवली तर लाइनसोबत तीही गेली, म्हणून एक्स्टर्नल डिस्कवरच ठेवा. डीडीरेस्क्यू मात्र परत इन्स्टॉल करावं लागेल, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. अन् उन्हाळ्यात हे काम रात्री करा, पंखा कॅबिनेटवर लावून, टिनाच्या दुकानात दुपारी तर अजिबात नको.

इमेज झाली की तिची एक कॉपी काढा अन् एफएससीके त्या कॉपीवर चालवा. तरी फोटो दिसले नाही तर हरवलेल्या फाइल शोधून काढणारा फोटोरेक प्रोग्राम इमेजवर लावा, फाइलचं नाव येणार नाही पण फोटो निघतात. अन् डिस्क बायोसमध्येच (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवणं, ठोकणं, उघडणं काहीच करू नका, बाबांच्या फोटोसाठी नागपूरला डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या अन् तोवर तिला परत चालू करू नका.

जुनी डिस्क भंगारवाल्याला मात्र देऊ नका, त्यात लोकांचे आधारचे स्कॅन आहेत. सगळं निघालंय याची खात्री झाली की आतल्या प्लेटला ड्रिलनं भोकं पाडा, मगच टाका.