आठवी-नववीला ॲक्रिलिक शिकवताना: आधी पोस्टर कलरच्या सवयी मोडा

सत्तर मिनिटांचा जोडतास, चाळीस मुलं, वर्गात एकच बेसिन. अशा वर्गाला ॲक्रिलिक शिकवताना रंग पॅलेटवरच वाळतो, ब्रश कडक होतात, चित्रं मळकट दिसतात, अशी अडचण तुम्ही कलाशिक्षक म्हणून विचारली आहे. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या तयारीत मुलांचा हात पोस्टर कलरवर बसलेला असतो. तो रंग वाळला तरी पाण्याने पुन्हा उठतो. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की त्यातले प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो आणि मग तो पाण्याला दाद देत नाही. हे सांगण्यापेक्षा पहिल्याच तासाला दाखवा. दोन्ही रंगांचे पट्टे शेजारी ओढायला लावा, वाळू द्या आणि ओल्या ब्रशने घासायला सांगा.

रंग पाचच ठेवा: टिटॅनियम व्हाइट, लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर. काळा नकोच. अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून गडद छटा छान मिळते. काळा हाताशी असला की मुलं प्रत्येक सावलीत तोच ओततात. ए-५ आकाराच्या चित्राला सुमारे ५ मिली रंग लागतो. म्हणजे चाळीस मुलांना २०० मिली, वाया जाणारा धरून ३००. त्यातला निम्मा पांढरा घ्या. बारा रंगांच्या छोट्या सेटमध्ये पांढरा इतरांएवढाच असतो आणि तोच आधी संपतो, म्हणून वर्गासाठी सुट्या मोठ्या ट्यूब किंवा बाटल्या बऱ्या. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक स्टेशनरीची दुकानं आहेत, तिथे भाव विचारून घ्या.

पॅलेटचं काम डब्याचं चपटं झाकण करतं. त्यात टिश्यूच्या चार घड्या ओल्या करून अंथरा, पाणी साचू देऊ नका, आणि वर केक भाजताना वापरतात तो बटर पेपर ठेवा. प्रत्येक रंगाचा वाटाण्याएवढा ठिपका, दोन मुलांत एक पॅलेट. संपला तर पुन्हा द्या. डोक्यावरचा पंखा मंद ठेवा. मुंबईच्या उकाड्यात तो बंद करा म्हणणं काही खरं नाही.

मळकटपणा बहुतेकदा अर्धवट वाळलेल्या थरामुळे येतो. वरून सुकलेला, आतून ओला पापुद्रा ब्रशने फाटतो आणि त्याचे तुकडे नव्या रंगात येतात. मुलं मग पाणी घालून घासतात आणि आणखी बिघडवतात. नियम असा लावा: बोटाची मागची बाजू चित्राला टेकवा, गार लागलं तर अजून ओलं आहे, तिथे हात लावायचा नाही. तोवर दुसऱ्या कोपऱ्यात काम करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थर वाळायला बराच जास्त वेळ लागतो. तेव्हा दोन मुलांमागे एक हेअर ड्रायर मिळाला नाही तरी वर्गात एक-दोन असू द्या.

आणखी एक गोष्ट मुलांना गोंधळात टाकते. ओला रंग दुधाळ असतो आणि वाळला की थोडा गडद होतो. म्हणून मिश्रणाचा ठिपका आधी कागदाच्या कडेला लावून वाळवून पाहायचा. तसंच पिवळा पारदर्शक असतो. निळ्यावर पिवळा दिला तर हिरवट दिसणारच. आधी पांढरा, तो वाळल्यावर पिवळा.

कामाचा क्रम असा: पहिला जोडतास फक्त छटांच्या पट्ट्या. दुसऱ्यात तांब्या आणि दोन लिंबं, मोठ्या चपट्या ब्रशने मध्यम आणि गडद भाग, तपशील नाही. तिसऱ्यात उजेडाचे भाग. कागद जाड, किमान ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आणि चारही कडा मास्किंग टेपने फळीला चिकटवलेल्या, नाहीतर ओल्या थराने कागद वाकतो.

ब्रश नायलॉनचे: चपटा ८ आणि १२ नंबरचा, गोल ४ नंबरचा. पाण्यात उभे ठेवले तर टोक वाकतं आणि रंग धातूच्या पट्टीत शिरून केस फाकतात, म्हणून वापरात नसलेला ब्रश धुऊन आडवा ठेवायचा. शेवटची दहा मिनिटं सफाईची: आधी जुन्या कापडावर रंग पुसायचा, मग बादलीत धुणं, शेवटी साबण. बेसिनमध्ये थेट रंग गेला तर तो पाइपातच घट्ट होतो.

पूर्ण झालेली चित्रं थेट एकमेकांवर रचू नका. वाळलेल्या रंगाचा पापुद्रा उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या सुट्टीत बंद कपाटात चित्रं समोरासमोर चिकटतात आणि सोडवताना रंग उखडतो. प्रत्येक दोन चित्रांत बटर पेपर घाला आणि गठ्ठ्यावर वजन ठेवू नका.