वाचकांचे प्रश्न : मतदान यंत्र, ग्रामसभेचा ठराव आणि कायदा

प्रश्न : पुढील सर्व निवडणुका कागदी मतपत्रिकेवर घ्याव्यात, असा ठराव आमच्या ग्रामसभेने एकमताने केला. तहसील कार्यालयाने ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून तो फाइलला लावला. ग्रामसभेच्या ठरावाला काहीच किंमत नाही का?
– एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : लोकभावना म्हणून आपल्या ठरावाला किंमत आहे, मात्र मतदानाची पद्धत त्याने बदलत नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढा-लेखा या गडचिरोली जिल्ह्यातील गावाची घोषणा जंगल, तलाव आणि गावच्या कारभाराबाबत खरी ठरली असली, तरी निवडणूक कशी घ्यावी हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिलेला नाही. आता हा अधिकार नेमका कोणाचा, यावरूनच इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला मोठा खटला झाला होता.

१९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात ८४ पैकी ५० मतदान केंद्रांवर ही यंत्रे प्रथमच वापरण्यात आली. त्यासाठी निवडणूक आयोगाने निवडणुकांचे नियंत्रण आयोगाकडे देणाऱ्या, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ चा आधार घेतला होता. भाकपचे सिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले आणि काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. गंमत अशी की, मतदानापूर्वी याच यंत्राविरुद्ध पिल्लै यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायदा आणि नियम मतपत्रिका व मतपेटीविषयीच बोलत असताना आयोगाला केवळ आपल्या आदेशाने यंत्र आणता येणार नाही. त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. त्या निकालात न्यायालयाने यंत्राला चांगले किंवा वाईट ठरवले नव्हते, त्यामागे कायदा नाही एवढेच म्हटले होते.

हा कायदा डिसेंबर १९८८ मध्ये झाला. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये यंत्राने मतदान घेण्याची मुभा देणारे कलम ६१ अ घालण्यात आले आणि ते १५ मार्च १९८९ पासून लागू झाले. त्यापाठोपाठ सुमारे दीड लाख यंत्रे खरेदीही झाली, पण पक्षांचा विश्वास बसेना. निवडणूक सुधारणांसाठीची दिनेश गोस्वामी समिती, तिच्यानंतर तज्ज्ञ समिती आणि १९९२ मध्ये नियमांत दुरुस्ती, एवढे सोपस्कार होऊनही १९९८ उजाडेपर्यंत यंत्रे बाहेर निघाली नाहीत. त्या वर्षी मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील मिळून १६ विधानसभा मतदारसंघांत आणि २००४ मध्ये संपूर्ण लोकसभा निवडणुकीत त्यांचा वापर झाला. २००९ मध्ये लालकृष्ण आडवाणी यांनी मतपत्रिका परत आणण्याची भाषा केली होती आणि आज विरोधी पक्ष तीच भाषा करतात. ज्याचा पराभव होतो त्याला मशीन खटकते, हे आपल्याकडचे जुनेच दुखणे आहे. तरीही तेवढ्यावरून प्रत्येक शंका खोटी ठरत नाही.

आपल्या भागाशी संबंधित एक प्रसंग येथे सांगायला हवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष व साकोलीचे आमदार नाना पटोले यांनी, मतदाराला यंत्राबरोबर मतपत्रिकेचाही पर्याय देणारा कायदा राज्याने करावा, अशी सूचना केली होती. तिचा आधार अनुच्छेद ३२८ हा होता. मात्र संसदेने जेथे तरतूद केलेली नाही तेवढ्याच भागात हा अनुच्छेद राज्याला कायदा करू देतो, आणि विधानसभेच्या मतदानाबाबत कलम ६१ अ आधीच अस्तित्वात असल्याने ती वाट, माझ्या मते, फारशी पुढे जाणारी नव्हती. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची गोष्ट निराळी आहे. अनुच्छेद २४३ ट नुसार त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो व त्यांचा कायदा विधिमंडळ करते. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी मतपत्रिकेची शिफारस केली, ती याच अधिकारक्षेत्रात. तेव्हा आपला ठराव ‘सर्व निवडणुका’ असा मोघम न ठेवता स्थानिक निवडणुकांपुरता करावा आणि तो तहसीलदारांकडे न देता आपल्या आमदारांकडे व राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवावा.

प्रश्न : २०१८ च्या पोटनिवडणुकीत आमच्याकडे यंत्रे उन्हाने बंद पडली होती. अशा वेळी आधी दिलेली मते पुसली जातात का?
– एक वाचक, ता. तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : नाही. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदियात मोठ्या प्रमाणावर बिघडली ती चिठ्ठी छापणारी व्हीव्हीपॅट यंत्रे होती, आणि त्याचे कारण म्हणून आयोगाने त्यांवर पडलेल्या प्रखर प्रकाशाकडे बोट दाखवले होते. पुढे ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घेण्यात आले. मत साठते ते केंद्राध्यक्षांच्या टेबलावरील कंट्रोल युनिटमध्ये, त्यामुळे केवळ व्हीव्हीपॅट बदलल्याने आधीच्या मतांना धक्का लागत नाही. सकाळी मतदान सुरू होण्यापूर्वी किमान ५० मतांचे अभिरूप (चाचणी) मतदान घेऊन, चिठ्ठ्या जुळवून, यंत्र शून्यावर आणून मगच मोहोर लावली जाते. एवढ्या पहाटे आपला मतदान प्रतिनिधी केंद्रावर हजर नसेल, तर नंतरच्या तक्रारीला बळ राहत नाही. सायंकाळी एकूण मतांची नोंद असलेल्या नमुना १७ सी ची प्रत त्याने मागून घ्यावी. मात्र ग्रामपंचायतीच्या मतदानाला व्हीव्हीपॅट लावत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : कोणत्या गावाने कोणाला किती मते दिली हे निकालानंतर पुढाऱ्यांना कळते. मग मतदान गुप्त कसे? आमच्या टोल्याचा (वस्तीचा) रस्ता यावरूनच अडला आहे.
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आपले वैयक्तिक मत गुप्तच असते, पण गावाचा कल उघड होतो, ही आपली तक्रार रास्त आहे. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्राने ही आडोशाची सोय काढून घेतली आणि केंद्रवार आकडे नमुना २० या निकालपत्रकात सरळ छापून येऊ लागले. जेथे एका टोल्याला एकच केंद्र आहे, तेथे हा कागद म्हणजे पुढाऱ्याच्या हातातील हजेरीपटच होय. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये कायदा मंत्रालयाकडे पाठवला आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला, परंतु केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. यंत्रावरील गदारोळात हा मुद्दा मागे पडला, याचे मला नवल वाटते, कारण खेड्यातील मतदाराला त्याची झळ रोजची आहे.

‘मत दिले नाही तर रस्ता होणार नाही’ अशी धमकी मतदानापूर्वी दिली गेली असेल, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(२) नुसार ते भ्रष्ट आचरण ठरू शकते. विधानसभा किंवा लोकसभेच्या निवडणुकीबाबत त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकरिता नागपूर खंडपीठात, निवडणूक याचिका दाखल करावी लागते. ती कोणताही मतदार करू शकतो. धमकी कोणासमोर, कोठे आणि कधी दिली, हे साक्षीदारांसह आधीच लिहून ठेवावे.