शिरितोरी: शेंडा, बुडखा आणि बिचारा ‘न्’

प्रश्न असा आला आहे: “जपानी लोक कॅरिओकीच्या खोलीत गाण्यांची शिरितोरी खेळतात, म्हणजे एका गाण्याच्या शेवटच्या सिलेबलवरून पुढचं गाणं. याला मराठीत अंताक्षरी म्हणावं की भेंड्या? आणि सिलेबलला ‘अक्षर’ चालेल ना?”

आधी ते ‘कॅरिओकी’ खाली ठेवा. गणपतीच्या मांडवात निवेदक तेच म्हणतो, निवृत्त मंडळींच्या गानसंध्येच्या फलकावरही तेच असतं. इंग्रजाच्या जिभेला तो शब्द पेलला नाही म्हणून त्याने तो मोडला. त्याची अडचण आपण का उसनी घ्यायची? देवनागरीत तो चार अक्षरांत जसाच्या तसा उतरतो: कराओके. ‘करा’ म्हणजे रिकामा, आणि ‘ओके’ हे ‘ओकेसुतोरा’चं, अर्थात ऑर्केस्ट्राचं, छाटलेलं रूप. कराटेतला ‘करा’ही हाच, रिकामा हात. (कराटेतला ‘करा’ पूर्वी ‘चिनी’ अशा अर्थाच्या चिन्हाने लिहीत, पण त्या गल्लीत शिरलो तर आज परत येणं नाही.) हा ‘रिकामा’ ज्या चिन्हाने लिहितात, त्याच चिन्हाने बौद्ध भाषांतरकारांनी आपली ‘शून्यता’ चिनी भाषेत नेली. ऑर्केस्ट्रा तर मूळचा ग्रीक; नाटकात गायकवृंद जिथे नाचायचा ती मोकळी जागा. शून्यतेचं चिन्ह आणि ग्रीकांचं नाचायचं अंगण एकाच शब्दात नांदतात, आणि आपण त्याचं कॅरिओकी करतो!

आता शिरितोरी. ‘शिरि’ म्हणजे ‘शेवट’ असं सभ्य लोक सांगतात. खरा अर्थ बूड, ढुंगण. ‘तोरि’ म्हणजे घेणं, धरणं. आधीच्या शब्दाचं बूड धरून पुढचा शब्द आणायचा. गाण्याच्या खोलीत याचा एक भाऊबंद खेळही चालतो. त्यात ‘काशिरामोजि’, म्हणजे डोक्याचं अक्षर, ठरवून घेतात आणि त्याची ‘शिबारि’, म्हणजे बांधणी, करतात: आज फक्त ‘सा’ने सुरू होणारी गाणी. एका खेळात शेंडा बांधायचा, दुसऱ्यात बुडखा धरायचा. ज्याला शेंडा ना बुडखा अशी फक्त आपली चर्चा.

भेंड्या की अंताक्षरी? भेंड्या हे नाव दंडावरून पडलं, हरणाऱ्यावर भेंडी चढते. अंत्याक्षरी हे नाव रीतीवरून पडलं, आणि शिरितोरी रीतीवरूनच आहे, म्हणून अंत्याक्षरी जवळचं. ‘अंताक्षरी’ चूक म्हणून डोळे वटारणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. अंत आणि अक्षर यांचा संधी दुसरं काय होणार? एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आपण गायलेल्या ओळीचं शेवटचं अक्षर घेतो, तिकडे बहुधा गाण्याच्या नावाचं घेतात. गाणं पूर्ण गायचं असतं आणि यादी नावांची असते, त्यामुळे तेच सोयीचं.

पण खरी गोम त्या ‘सिलेबल’मध्ये आहे. एक साखळी पाहा. ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि’ (१९७७) हे होन्शू आणि होक्काइदो या बेटांमधल्या सामुद्रधुनीच्या हिवाळ्याचं गाणं. शेवट ‘कि’, म्हणून त्याच वर्षीचं ‘कितागुनि नो हारु’, उत्तरेकडच्या मुलखातला वसंत. शेवट ‘रु’, म्हणून ‘रुबी नो युबिवा’ (१९८१), माणकाची अंगठी. ‘वा’ आला, तर ‘वाइन रेद्दो नो कोकोरो’ (१९८३). ‘रो’ आला, आणि कुणी तरी हौसेनं ‘रोबिन्सोन’ (१९९५) लावलं. झालं, तो हरला! कारण नाव ‘न्’ने संपलं, आणि जपानीत ‘न्’ने शब्द सुरू होत नाही.

आता सिलेबलवाल्यांनी उत्तर द्यावं. रोबिन्सोनमध्ये सिलेबल तीन: रो, बिन्, सोन्. मग शेवटचं ‘सोन्’ धरून पुढचा गडी खुशाल ‘सोन्’ने सुरू होणारं गाणं म्हणेल, हरायचा प्रश्नच नाही. जपानी कान मात्र पाच ठोके मोजतो: रो-बि-न्-सो-न्. आणि पाच म्हटल्यावर मराठी माणसाने उडी मारायला हवी होती! रो लघु (जपानी ओ ऱ्हस्व आहे), बिन् गुरू, सोन् गुरू. एक, दोन, दोन. ही आपली मात्रा आहे हो! छंदशास्त्रकार पिंगलापासून चालत आलेला शब्द दारात उभा आहे आणि आपले लोक परदेशी शब्दाचं ‘शब्दावयव’ असलं भाषांतर करत बसतात. हायकू सतरा अक्षरांचा म्हणून लिहितात, तेही सतरा मात्रांचा असं हवं. मोजायचं झालं की मात्रा म्हणा. लिहिलेल्या चिन्हाला अक्षर म्हणायला माझी हरकत नाही.

घोळ जपान्यांतही आहेत. ‘रेइनी बुरू’ (१९८६) दीर्घ स्वरावर संपतं. काही जण ती दीर्घाची रेघ सोडून ‘रु’ घेतात, काही जण ओढलेला ‘उ’ घेतात, आणि खेळण्याआधी ठरवलं नसेल तर पुढची दहा मिनिटं वादात. ‘रु’ घेतला तर समोरच्याचं कठीण, कारण प्राचीन अस्सल जपानी शब्द ‘र’ने सुरूच होत नसत. वरच्या साखळीत पाहा, रुबी पाहुणा, रोबिन्सोन पाहुणा. म्हणून मुरलेले खेळाडू ‘रु-झेमे’ करतात, समोरच्याच्या अंगावर सतत ‘रु’ टाकायचा. आपल्याकडे ‘ढ’ टाकतात तसं. मग घराघरात तेच एक गाणं ढगातून खाली येतं.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. जपानी लिपीचा, म्हणजे ‘काना’चा, तक्ता मोठ्याने वाचा: आ का सा ता ना हा मा या रा वा. ओळखीचा वाटला? स्वर, मग कंठ्यापासून पुढे दंत्य, ओष्ठ्य, मग य र व. ही आपल्या वर्णमालेची चाल आहे. ‘हा’ हा प-वर्गाच्या जागी बसला आहे, कारण एके काळी तो ‘पा’ होता. पुढे ‘फा’ झाला, मग ‘हा’. १६०३ साली नागासाकीत जेझुइट मिशनऱ्यांनी छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात फुलाला ‘हाना’ नाही, ‘फाना’ आहे. (जेझुइटांचा छापखाना १५९० मध्ये जपानला पोचला तो गोव्यामार्गे, हे गोवेकरांनी लक्षात ठेवावं.) ‘सा’ ‘च’च्या खुर्चीवर बसला आहे, त्याचंही काही तरी असंच असणार.

यावर एक संदेश फिरतो की हा तक्ता बोधिसेन या भारतीय भिक्षूने नेला. बोधिसेन ७३६ मध्ये जपानला पोचला, ७५२ मध्ये नाराच्या महाबुद्धाचं नेत्रोन्मीलन त्याच्या हातून झालं, हे सगळं खरं. पण हाती असलेला सर्वांत जुना तक्ता अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. मधली अडीच शतकं तो कुणाच्या खिशात होता? कूकाइ हा जपानी भिक्षू ८०६ मध्ये चीनहून सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या लिपीतले ग्रंथ घेऊन परतला, पुढे पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंनी संस्कृत उच्चार घोकले, त्या घोकंपट्टीतून ही मांडणी उतरली. मला एका वीरापेक्षा शंभर घोकणारे जास्त पटतात. अभिमान बाळगायचा तर निदान बरोबर माणसांचा बाळगा.

तक्त्यात ‘न्’ मात्र ओळीबाहेर, शेवटी एकटा, ओट्यावर बसवल्यासारखा. प्रत्येक काना अक्षर एकदाच येणाऱ्या ‘इरोहा’ या ४७ अक्षरांच्या जुन्या कवितेतही तो नाही. शाळेच्या काना तक्त्यात त्याला हक्काची जागा मिळाली ती १९०० साली. माझा लाडका तर्क असा की तो आपल्या अनुस्वाराच्या जातीचा आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर बसल्याशिवाय त्याला उभं राहता येत नाही, म्हणून शब्दाच्या तोंडाशी तो कधी येतच नाही. एका स्नेह्यांनी मला ‘हा तुमचा योगायोगाचा छंद’ म्हणून झटकलं. झटकू द्या. ‘ळ’कडे पाहा: तोही मराठी शब्दाच्या तोंडाशी येत नाही. पण आपण ‘ळ’वर गाणं संपलं की ‘चला, ल घ्या’ म्हणून सोडतो, ‘ण’ला ‘न’ करून घेतो. जपानी सोडत नाहीत. ‘न्’ आला, तू बाद.

एक पळवाट शाळकरी पोरांना ठाऊक असते: ‘न्जामेना’, चाडची राजधानी. कराओकेच्या खोलीत तिचा उपयोग नाही. राजधानीला चाल कोण लावणार?