झोपेची गोळी मेंदूत नेमकं काय करते?

प्रश्न : आईला (वय ६६) वर्षभर रात्री अल्प्राझोलमची ०.५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. आधी रात्रभर झोप लागायची, आता पहाटे तीनला जाग येते. मागे गोळ्या संपल्या तेव्हा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरत होते, घाम फुटत होता. गोळी बंद करता येईल का?

उत्तर : येईल, पण एकदम मुळीच नाही. कारण समजून घ्या, म्हणजे आईलाही पटवून देता येईल.

मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन म्हणजे गाबा. पेशीच्या पापुद्र्यात त्याच्यासाठी एक दार असतं. पाच प्रथिनांचं ते कडं. बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा. अल्फा-बीटाच्या दोन सांध्यांत गाबा बसला की दार उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी सहजासहजी संदेश पाठवत नाही. अल्प्राझोलम बसतं ते वेगळ्या जागी, अल्फा-गॅमाच्या सांध्यात. ते एकट्याने दार उघडू शकत नाही. किल्ली गाबाचीच, गोळी म्हणजे बिजागरीत घातलेलं तेल. तेवढ्याच गाबावर दार जास्त वेळा उघडतं. फेनोबार्बिटोनच्या गटातली जुनी औषधं मात्र दार जास्त वेळ उघडं धरून ठेवतात आणि मात्रा वाढली तर गाबा नसतानाही उघडतात. म्हणून त्यांच्या अतिमात्रेत श्वास बंद पडण्याचा धोका फार मोठा.

आता तीनची जाग. अल्प्राझोलमचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ११ तास, वयस्कांत त्याहून जास्त. म्हणजे तीन वाजता औषध रक्तात असतंच. बोथट झालेला असतो तो परिणाम. रोजच्या तेलाची सवय झाल्यावर दार गोळीला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही, आणि पेशींना उत्तेजित करणारी ग्लुटामेटची बाजू जोर धरते. अशात गोळी अचानक थांबली की तोल उत्तेजनाकडे कलंडतो : थरथर, घाम, निद्रानाश, कधी फिट. आईचा तो त्रास बहुधा यातलाच होता. तेवढ्यावरून ‘गोळीशिवाय तिला झोप येणारच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मात्रा वाढवणं हाही उपाय नव्हे; त्या वयात तोल जाऊन पडणं आणि हाड मोडणं ही खरी भीती आहे.

कमी करताना सुरुवात दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी करतात. इथेच घरचा प्रयोग फसतो : अर्धी गोळी म्हणजे एका झटक्यात ५० टक्के घट. ०.२५च्या गोळ्यांचे भाग कसे करायचे, की दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधावर न्यायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. डायझेपाम सावकाश उतरतं हे खरं, पण वयस्कांच्या अंगात साठून दिवसाही गुंगी आणतं. सावकाश विरघळणारी, ‘एसआर’ लिहिलेली गोळी तर मोडूच नये. मध्ये फिट आली किंवा आई असंबद्ध बोलू लागली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : वडील झोपेच्या गोळीसोबत गुडघ्यांसाठी ट्रामाडोल घेतात, कधी एखादा पेगही. चालेल का?

उत्तर : नाही. दारू त्याच दाराला दुसरीकडून ढकलते आणि ग्लुटामेटलाही दाबते. ट्रामाडोल ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामकांच्या गटातलं. ते मेंदूच्या देठातल्या श्वासकेंद्राला मंद करतं. प्रत्येकाची मात्रा नेहमीचीच असली, तरी तिन्ही मिळून झोपेतच श्वास थांबू शकतो. दारू बंद करावी आणि दोन्ही औषधांच्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवाव्यात. गोळी मात्र स्वतःहून एकदम सोडू नये. हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळसर दिसत असतील तर कुशीवर वळवून १०८ला फोन करा.

फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे. तो त्याच अल्फा-गॅमाच्या सांध्यातून गोळीला हुसकावतो. पण दारू किंवा ट्रामाडोल उतरवत नाही, त्याचा असर तासाभरात ओसरून गुंगी परतू शकते, आणि रोज गोळी घेणाऱ्याला त्याने फिट येऊ शकते. म्हणून तो रुग्णालयातच, थोडा थोडा देतात.

प्रश्न : झोलपिडेम ही झोपेची दुसरी गोळी, ते वेगळं आहे ना?

उत्तर : थोडंसं. बसायची जागा तीच, मात्र ओढा मुख्यतः अल्फा-१ असलेल्या दारांकडे, म्हणून चिंतेपेक्षा झोपेवर परिणाम जास्त. स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं. सकाळी गाडी चालवताना गुंगी राहते म्हणून अमेरिकेत २०१३ साली त्यांची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली. सवय लागण्याचा धोका इथेही आहेच.